अट आणि सूट : अमेरिकी काँग्रेस आणि पाकिस्तान

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात पाकिस्तानविरोधी विधेयक मांडले गेल्याची बातमी आपल्या वर्तमानपत्रांत वर्षा-दोन वर्षांनी हमखास येते. पाकिस्तानला दहशतवादाचे पुरस्कर्ते राष्ट्र जाहीर करा, त्याचा ‘नाटोबाहेरचा प्रमुख मित्र’ हा दर्जा काढून घ्या, मदत थांबवा, अशा मागण्या त्यात असतात. मथळा मोठा असतो, वाहिन्यांवर रात्री चर्चा रंगते आणि त्या विधेयकाचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा पुढे काही झालेलेच नसते. मात्र गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकी काँग्रेसने रीतसर मंजूर केलेले आणि अध्यक्षांची सही झालेले असे कायदेही बरेच आहेत. बॉम्ब, हेरॉईन आणि दहशतवाद या तिन्ही बाबतींत पाकिस्तानवर दडपण आणण्यासाठी ते वापरले गेले. त्यांनी काय साधले आणि घोडे नेमके कुठे अडले, ते पाहण्यासारखे आहे.

या कायद्यांतल्या अटी किती कडक आहेत यावर आपण फार बोलतो. खरे वाचायला हवे ते सूट देणारे कलम. अमेरिकेत तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे असते आणि परराष्ट्र धोरण अध्यक्ष चालवतात. काँग्रेसला अट घालायची असते, अध्यक्षांना हात मोकळे हवे असतात. तडजोड ठरलेली असते : अमुक अट पाळली जात असल्याचे अध्यक्षांनी किंवा परराष्ट्रमंत्र्यांनी दरवर्षी लेखी प्रमाणित करावे, आणि ते जमत नसेल तर ‘राष्ट्रीय हितासाठी’ सूट द्यावी. सगळा इतिहास या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत घडला आहे.

सुरुवात पाकिस्तानपासून झाली नाही, आपल्यापासून झाली. १८ मे १९७४ रोजी पोखरणला स्फोट झाला आणि वॉशिंग्टनमध्ये अण्वस्त्रप्रसार हा कायद्याचा विषय बनला. १९७६ मध्ये मिझुरीचे सिनेटर स्टुअर्ट सिमिंग्टन यांनी एक दुरुस्ती आणली. जो देश पूर्ण आंतरराष्ट्रीय देखरेखीशिवाय युरेनियम समृद्ध करण्याची सामग्री मिळवील त्याची आर्थिक आणि लष्करी मदत बंद, असा तिचा आशय. पुढच्या वर्षी अंतराळवीर म्हणून गाजलेले सिनेटर जॉन ग्लेन यांनी पुनर्प्रक्रियेचे तंत्रज्ञान आणि स्फोट यांबद्दल तसेच कलम जोडले. १९७८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कायद्याने त्यावर कडी केली.

त्या १९७८ च्या कायद्याचा पहिला मोठा तडाखा महाराष्ट्राला बसला. तारापूरच्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी बनावटीच्या. १९६३ च्या कराराप्रमाणे त्यांना समृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवायचे होते. नव्या कायद्याने जुन्या करारावर नवी अट लादली : भारताने आपली सगळी अणुकेंद्रे तपासणीसाठी खुली करावीत. भारताने ते मानले नाही. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी ३८ टन इंधन पाठवायचे ठरवले, तेव्हा प्रतिनिधीगृहाने मोठ्या बहुमताने विरोध नोंदवला. सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांनी इंधन सुटले. पुढे १९८२ मध्ये फ्रान्सने पुरवठ्याची जबाबदारी घेतली, नंतर चीन आणि रशियाकडूनही इंधन आले. तारापूर चालू राहिले आणि अमेरिकेचा शब्द मात्र कायमचा संशयास्पद ठरला. परदेशी कायदेमंडळाच्या दडपणाचा अनुभव आपल्यालाही आहे. म्हणून हा विषय नुसता ‘त्यांना कसे वाकवले’ अशा चवीने वाचता येत नाही.

पाकिस्तानची पाळी त्याआधीच आली होती. फ्रान्सकडून पुनर्प्रक्रिया केंद्र घेण्याच्या बेतामुळे १९७७ मध्ये मदत थांबली. फ्रान्सने अंग काढून घेतल्यावर ती सुरू झाली आणि काहुट्याच्या समृद्धीकरण केंद्राचा सुगावा लागल्यावर एप्रिल १९७९ मध्ये सिमिंग्टन दुरुस्तीखाली पुन्हा बंद पडली. कायदा लिहिल्याप्रमाणे चालला असे म्हणता येईल असे हे मोजके महिने. डिसेंबरमध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि सगळा हिशेब बदलला. कार्टर यांनी ४० कोटी डॉलर देऊ केले. जनरल झिया-उल-हक यांनी ते ‘शेंगदाणे’ म्हणून झिडकारले, आणि त्यांचा अंदाज बरोबर निघाला. १९८१ मध्ये रेगन सरकारने सहा वर्षांसाठी ३.२ अब्ज डॉलरचे पॅकेज दिले. शिवाय ४० एफ-१६ विमाने विकण्याचे ठरले. त्यासाठी काँग्रेसनेच सिमिंग्टन दुरुस्तीतून पाकिस्तानला सहा वर्षांची सूट दिली. कायद्याच्या दाराला कुलूप लावायचे आणि किल्ली चौकटीवरच ठेवायची, ही रीत तेव्हा पडली.

१९८० चे दशक या कहाणीचा सगळ्यात रंजक भाग आहे. आपण ‘अमेरिकी काँग्रेस’ म्हणतो तेव्हा एक तोंड, एक मत असे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात त्याच सभागृहात एका बाजूला टेक्ससचे चार्ली विल्सन होते. ते खर्चमंजुरीच्या समितीत बसून अफगाण मुजाहिदीनांसाठी पैसा वाढवत होते आणि झियांची वकिली करत होते. दुसऱ्या बाजूला ब्रुकलिनचे स्टीफन सोलार्झ पाकिस्तानच्या अणुचोरीच्या मागे लागले होते. १९८४ मध्ये ह्यूस्टनला अणुस्फोटाच्या यंत्रणेत वापरता येणारे क्रायट्रॉन हे विजेचे जलद स्विच बेकायदा पाकिस्तानला पाठवताना एक माणूस पकडला गेला. त्यातून १९८५ ची सोलार्झ दुरुस्ती आली : अमेरिकेतून अणुसामग्री चोरून नेऊ पाहणाऱ्या देशाची मदत बंद. १९८७ मध्ये फिलाडेल्फियात पाकिस्तानी वंशाचा एक कॅनडावासी विशिष्ट पोलाद विकत घेताना सापडला. ते पोलाद युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजसाठी लागते. न्यायालयात गुन्हा शाबीत झाला. जानेवारी १९८८ मध्ये रेगन यांनी सोलार्झ दुरुस्ती लागू झाल्याचे मान्य केले आणि त्याच वेळी राष्ट्रीय हितासाठी सूटही दिली. लागू करणे आणि माफ करणे एकाच दमात उरकले.

याच प्रकरणात सीआयएचे विश्लेषक रिचर्ड बार्लो यांनी सोलार्झ यांच्या उपसमितीला खरे काय ते सांगितले : असे प्रयत्न एकदोनदा झालेले नाहीत, पुष्कळ झाले आहेत. काँग्रेसला माहिती देणे हे खरे तर कर्तव्यच. त्यांची कारकीर्द तिथून घसरली आणि पुढे पेंटॅगॉनमधली नोकरीही गेली. प्रमाणपत्रावर चालणारा कायदा माहितीवर उभा असतो. माहिती ज्यांच्या हातात असते त्यांनाच ती बाहेर यायला नको असेल, तर सिनेटर कितीही जागरूक असून उपयोग नसतो.

पाकिस्तानात ज्या कायद्याचे नाव आजही शिवीसारखे उच्चारले जाते ती प्रेसलर दुरुस्तीही १९८५ चीच. दक्षिण डाकोटाचे लॅरी प्रेसलर यांच्या नावाने ती ओळखली जाते, पण तिचा जन्म कडकपणातून झालेला नाही. त्याआधी ॲलन क्रॅन्स्टन आणि ग्लेन यांनी सिनेटच्या परराष्ट्र समितीत याहून जाचक दुरुस्ती आणली होती. ती टाळण्यासाठी रेगन सरकारला चालेल असा हा मवाळ पर्याय पुढे आला. पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही आणि अमेरिकी मदतीमुळे ते मिळवण्याची शक्यता कमी होते, एवढे अध्यक्षांनी दरवर्षी लिहून द्यायचे. सुटे भाग तयार करण्याबद्दल, युरेनियम किती समृद्ध केले याबद्दल कलम गप्प होते. त्यामुळे बॉम्बचे भाग वेगवेगळ्या कपाटांत ठेवले तर बॉम्ब ‘नाही’ असे म्हणायला जागा राहिली. मार्च १९८७ मध्ये पत्रकार कुलदीप नय्यर यांनी पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांची मुलाखत लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये छापली. पाकिस्तानने बॉम्ब बनवला आहे असा तिचा अर्थ स्पष्ट होता. त्या वर्षीही प्रमाणपत्र निघाले. जून १९८९ मध्ये बेनझीर भुट्टो यांनी काँग्रेसच्या संयुक्त सभेत पाकिस्तानकडे अण्वस्त्र नसल्याची ग्वाही दिली, टाळ्या पडल्या आणि ऑक्टोबरमध्ये थोरल्या बुश यांनीही सही केली.

ऑक्टोबर १९९० मध्ये मात्र त्यांनी सही केली नाही. एका वर्षात पाकिस्तानने फार मोठे काही नवे केले होते असे नाही, जरी त्या वसंतात काश्मीरवरून युद्धाचे ढग जमले होते आणि अमेरिकी दूत रॉबर्ट गेट्स यांना इस्लामाबाद-दिल्लीची धावपळ करावी लागली होती. मुख्य फरक वेगळा होता. फेब्रुवारी १९८९ मध्ये शेवटचा सोव्हिएत सैनिक अफगाणिस्तानातून बाहेर पडला होता. पाकिस्तानची निकड संपली आणि कायद्याला दात फुटले. वर्षाची अर्ध्या अब्ज डॉलरहून अधिक मदत थांबली. पाकिस्तानने सुमारे ६५ कोटी डॉलर मोजलेली २८ एफ-१६ विमाने ॲरिझोनाच्या वाळवंटात अडकून पडली आणि त्यांच्या साठवणुकीचे भाडेही पाकिस्तानकडून मागितले गेले. विमाने द्यायची नाहीत आणि पैसेही परत करायचे नाहीत, हा व्यवहार कुठल्याही बाजारात चालला नसता. १९९८ च्या डिसेंबरमध्ये समेट झाला. काही रक्कम रोख मिळाली, काही गव्हासारख्या मालाच्या रूपात. ती विमाने नंतर न्यूझीलंडला भाड्याने द्यायचे ठरले होते. तिथे सरकार बदलले आणि नव्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी तो करारही मोडला.

प्रेसलरने बॉम्ब थांबला का? नाही. १९९० मध्ये तो बनलेलाच होता. दुरुस्तीने एक वेगळीच गोष्ट मात्र केली. दशकभर पाकिस्तानी अधिकाऱ्यांचे अमेरिकी लष्करी संस्थांतले प्रशिक्षण बंद झाले आणि एक अख्खी पिढी अमेरिकेने दगा दिला हे ऐकत वाढली. चीन आणि उत्तर कोरियाकडे पाहण्याची सवय अधिक घट्ट झाली. काँग्रेसलाही हे जाणवले. १९९५ मध्ये कोलोरॅडोचे हँक ब्राऊन यांनी पैसे भरून अडकलेली ३६ कोटी ८० लाख डॉलरची इतर लष्करी सामग्री सोडवणारी दुरुस्ती आणली. सिनेटमध्ये ती ५५ विरुद्ध ४५ मतांनी मंजूर झाली. अंमल होतो न होतो तोच, चीनने काहुट्याच्या प्रयोगशाळेला सेंट्रिफ्यूजला लागणारे पाच हजार रिंग मॅग्नेट दिल्याची बातमी फुटली. त्यावरून पाकिस्तानवर नव्याने निर्बंध काही आले नाहीत.

मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला चाचण्या केल्या. क्लिंटन यांनी नवाज शरीफ यांना पुन्हा पुन्हा फोन करून विनवले. प्रेसलर दुरुस्ती उठवू, विमाने देऊ, असे आमिषही दाखवले. २८ आणि ३० मे रोजी बलुचिस्तानात स्फोट झालेच. ग्लेन कलम दोन्ही देशांवर आपोआप लागू झाले, आणि त्यात अध्यक्षांना सूट द्यायचा अधिकारच नव्हता. या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत कडक कायदा. तो किती आठवडे टिकला पाहा. पाकिस्तान हा वॉशिंग्टन राज्यातल्या गव्हाचा मोठा गिऱ्हाईक. गहू खरेदीची निविदा जवळ आली आणि शेतकऱ्यांनी ओरड केली. ९ जुलैला सिनेटने शेतमालाला निर्बंधांतून वगळणारे विधेयक ९८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केले. ऑक्टोबरमध्ये कॅन्ससचे सॅम ब्राऊनबॅक यांच्या दुरुस्तीने अध्यक्षांना वर्षभराच्या सुटीचा आणि १९९९ मध्ये कायमचा अधिकार दिला. विरोधाला एकही मत न पडण्याइतके एकमत त्या सिनेटमध्ये झाले. ते गव्हावर झाले.

अमली पदार्थांची गोष्ट थोडक्यात उरकता येते, कारण तिथे दडपणाचा देखावाच जास्त होता. १९८६ च्या कायद्याने दरवर्षी प्रमुख उत्पादक आणि वाहतूक करणाऱ्या देशांची यादी यायची. कोण सहकार्य करतो हे अध्यक्षांनी प्रमाणित करेपर्यंत निम्मी मदत अडकून राहायची. फेब्रुवारी १९९७ मध्ये मेक्सिकोचे अमलीविरोधी प्रमुख असलेले जनरल स्वतःच तस्करांशी संगनमत केल्यावरून पकडले गेले आणि काही दिवसांतच मेक्सिकोला पूर्ण सहकार्याचे प्रमाणपत्र मिळाले. शेजारी, मोठा व्यापार, मग दुसरे काय होणार! कोलंबियाला मात्र १९९६ आणि १९९७ मध्ये नापास केले. अध्यक्षांचा निर्णय संयुक्त ठरावाने फिरवण्याचा अधिकार काँग्रेसने स्वतःकडे ठेवला होता. तो एकदाही यशस्वीपणे वापरता आला नाही. २००२ मध्ये पद्धतच उलटी केली. आता ‘ठळकपणे अपयशी’ ठरलेले देशच वेगळे काढून जाहीर होतात.

पाकिस्तानला १९९० च्या दशकाच्या मध्यात सलग काही वर्षे प्रमाणपत्र नाकारून राष्ट्रीय हिताची सूट मिळत गेली. मुळात प्रेसलरमुळे अडवण्यासारखी मदत फारशी उरलीच नव्हती. त्यापूर्वीच्या दशकात, जेव्हा दडपणाला वजन आले असते, तेव्हा अफगाण सीमेवर हेरॉईनच्या भट्ट्या वाढत होत्या आणि त्याच सीमेवरून मुजाहिदीनांची शस्त्रे जात होती. अमेरिकेला दुसऱ्या कामाची घाई होती. कराची-पेशावरच्या गल्ल्यांत व्यसनींची संख्या लाखांवर गेली. पुढे १९९७ मध्ये पाकिस्तानी हवाई दलाचा एक अधिकारी न्यूयॉर्कमध्ये हेरॉईनसह पकडला गेला, तेव्हा पाकिस्तानने उलट अमेरिकी अमली पदार्थविरोधी विभागाच्या स्थानिक कर्मचाऱ्याला अटक केली.

तरी एक यश नोंदवायला हवे. पाकिस्तानातली अफूची लागवड २००० च्या सुमारास जवळजवळ शून्यावर आली. त्यामागे दीर आणि गदून भागांतले रस्ते, पाणी, पर्यायी पिके यांवरचा परदेशी पैसा होता आणि सरकारची सक्तीही होती. वार्षिक प्रमाणपत्राचा त्यात वाटा असला तर अगदी थोडा. लागवड सीमेपलीकडे गेली, वाहतुकीचा मार्ग पाकिस्तानातूनच राहिला.

दहशतवादाच्या प्रश्नात मुंबई येते. १९७९ च्या निर्यात कायद्याखाली दहशतवादाच्या पुरस्कर्त्या राष्ट्रांची यादी सुरू झाली. पहिल्या यादीत लिबिया, इराक, दक्षिण येमेन आणि सीरिया होते. यादीत नाव गेले की मदत आणि शस्त्रे बंद होतात, दुहेरी वापराच्या मालावर निर्बंध येतात, आणि आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांच्या कर्जाला अमेरिकेने विरोध करणे बंधनकारक होते. नाणेनिधीच्या दारात सतत उभ्या असलेल्या पाकिस्तानला हे शेवटचे कलम फार महागात पडले असते. पण नाव घालायचा निर्णय परराष्ट्रमंत्र्यांचा असतो; कायदा सक्ती करत नाही. इराक १९८२ मध्ये बाहेर आला, कारण इराणशी लढत होता. १९९० मध्ये पुन्हा आत गेला, कारण कुवेतमध्ये शिरला होता. मधल्या काळात तो सुधारला होता असे कोणी म्हणत नाही. उत्तर कोरिया २००८ मध्ये बाहेर आणि २०१७ मध्ये परत आत.

पाकिस्तान या यादीच्या उंबऱ्यापर्यंत एकदा आला होता. अमेरिकी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनी मे १९९२ मध्ये नवाज शरीफ यांना इशाऱ्याचे पत्र पाठवले आणि जानेवारी १९९३ मध्ये देश ‘निरीक्षणाखाली’ ठेवला गेला. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली, २५७ माणसे गेली. दोन महिन्यांत आयएसआयचे प्रमुख जनरल जावेद नासिर यांना हटवण्यात आले, आणि जुलैमध्ये पाकिस्तान निरीक्षणातून सुटला. स्फोटांचा सूत्रधार दाऊद इब्राहिम याला अमेरिकेने जागतिक दहशतवादी घोषित केले ते ऑक्टोबर २००३ मध्ये. २००६ मध्ये अमली पदार्थांच्या म्होरक्यांविषयीच्या कायद्यातही त्याचे नाव आले. एका माणसात दहशतवाद आणि हेरॉईन दोन्ही आहेत हे अमेरिकेच्या अर्थखात्याने कागदावर मान्य केले. त्याला आसरा कोणी दिला, या प्रश्नाला त्या कायद्यांत जागा नाही.

२६/११ ने हा अपुरेपणा उघडा पाडला. मारल्या गेलेल्या १६६ जणांत सहा अमेरिकी होते. नरिमन हाऊसमध्ये बळी गेलेल्यांच्या नातेवाइकांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात लष्कर-ए-तैयबा आणि आयएसआयवर दावा लावला. परकीय सरकारावर अमेरिकी न्यायालयात असा खटला तेव्हा चालत असे, पण ते सरकार पुरस्कर्त्यांच्या यादीत असेल तरच. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने न्यायालयाला कळवले की आयएसआय आणि तिचे माजी प्रमुख यांना सार्वभौमत्वाचे संरक्षण आहे. न्यायालयाने ते मानले. पुढे २०१६ मध्ये काँग्रेसने ओबामांचा नकाराधिकार मोडून ९/११ च्या पीडितांसाठी सौदी अरेबियावर दावा करण्याची वाट उघडली. परकीय सरकारावर दावा लावण्याची ती वाट अमेरिकेच्या भूमीवर झालेल्या हानीपुरती आहे. कुलाब्यात मेलेल्याला, मग तो अमेरिकी नागरिक असला तरी, तिचा उपयोग नाही. दहशतवादावरच्या अमेरिकी कायद्यांविषयी आपल्याकडे जो भाबडा उत्साह असतो, त्यावर हे प्रकरण पुरेसे औषध आहे.

९/११ नंतरच्या काळाचे कागद तर अटींनी भरलेले आहेत. २२ सप्टेंबर २००१ ला धाकट्या बुश यांनी अणुनिर्बंध उठवले. ऑक्टोबर १९९९ च्या लष्करी बंडामुळे लागू झालेले निर्बंधही काँग्रेसच्या परवानगीने बाजूला ठेवले गेले. फेब्रुवारी २००४ मध्ये अब्दुल कादीर खान यांनी दूरचित्रवाणीवर अणुतंत्रज्ञान विकल्याची कबुली दिली. त्याच जूनमध्ये पाकिस्तानला नाटोबाहेरच्या प्रमुख मित्राचा दर्जा मिळाला. सिमिंग्टन आणि ग्लेन हे सगळे पाहायला हयात असते तर काय म्हणाले असते, असे लिहिण्याचा मोह होतो. पण ग्लेन हयात होते.

यातला सर्वांत विचारपूर्वक कायदा केरी-लुगर-बर्मन यांचा. १५ ऑक्टोबर २००९ रोजी ओबामांनी त्यावर सही केली. पाच वर्षांत ७.५ अब्ज डॉलर शाळा, वीज, पाणी यांसाठी. त्यावर जाचक अटी नाहीत. अटी लष्करी मदतीवर : अणुतस्करीच्या जाळ्याशी संबंधित पाकिस्तान्यांची माहिती द्या किंवा त्यांना भेटू द्या, लष्कर-ए-तैयबा आणि जैश-ए-मोहम्मदचे तळ बंद करा, राजकारणात आणि न्यायालयांत लष्कराने ढवळाढवळ करू नये. क्वेट्टा आणि मुरिदके ही नावे थेट कायद्यात आली. जनतेला मदत आणि जनरलांना अट, ही कल्पना कागदावर उत्तम होती. सही होण्याच्या आधीच, ७ ऑक्टोबरला, कोअर कमांडरांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. इस्लामाबादच्या संसदेत तिकडचा विरोधी पक्ष सार्वभौमत्वाच्या नावाने उभा राहिला आणि ज्या मुलकी सरकारला बळ द्यायचे होते तेच खिंडीत सापडले. मार्च २०११ मध्ये परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी अटी पूर्ण होत असल्याचे प्रमाणपत्र दिले. सहा आठवड्यांनी, २ मे रोजी मध्यरात्रीनंतर, ओसामा बिन लादेन अबोटाबादमध्ये लष्करी अकादमीच्या जवळ सापडला. सप्टेंबरमध्ये अमेरिकी संयुक्त सेनाप्रमुख ॲडमिरल मुलेन यांनी सिनेटच्या समितीपुढे अफगाणिस्तानात लढणारा हक्कानी गट हा आयएसआयचाच हात असल्याचे सांगितले. त्यानंतरच्या वर्षांत प्रमाणपत्राऐवजी सूट वापरली गेली. निदान तेवढा खरेपणा आला.

उलटे दडपणही याच काळात दिसले. नोव्हेंबर २०११ मध्ये सलाला चौकीवरच्या हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक मारले गेल्यावर पाकिस्तानने नाटोच्या रसदीचा मार्ग जुलै २०१२ पर्यंत बंद ठेवला. काँग्रेसच्या हातात पैशाचा नळ होता, रावळपिंडीच्या हातात रस्ता. बिन लादेनचा माग काढायला मदत करणारे डॉक्टर शकील आफ्रिदी यांना पाकिस्तानात ३३ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा सिनेटच्या खर्चसमितीने ३० विरुद्ध शून्य मतांनी मदतीतून ३ कोटी ३० लाख डॉलर कापले. वर्षाला दहा लाख असा हिशेब. बातमी झाली. आफ्रिदी तुरुंगातच राहिले.

थोडा परिणाम झाला तो २०१६ पासून. सिनेटर बॉब कॉर्कर यांनी आठ एफ-१६ विमानांसाठी अमेरिकी करदात्यांचा पैसा वापरू देणार नाही अशी भूमिका घेतली. विमाने सुमारे ७० कोटी डॉलरची, पाकिस्तान त्यातले २७ कोटी भरणार होता. पूर्ण रक्कम भरायची वेळ आली तेव्हा सौदा बारगळला. त्याच वर्षी संरक्षणमंत्री ॲश कार्टर यांनी हक्कानींवर कारवाईचे प्रमाणपत्र न दिल्याने ३० कोटी डॉलर अडले. जानेवारी २०१८ मध्ये ट्रम्प यांनी सुरक्षा मदतच थांबवली. काँग्रेसने वर्षानुवर्षे तयार केलेली अवजारे तेव्हा हाताशी होती, म्हणून हे झटपट झाले. ती वापरायची इच्छा व्हाईट हाऊसमध्ये असावी लागते, एवढेच.

इराणचे उदाहरण शेजारी ठेवले की फरक कळतो. डिसेंबर २०११ मध्ये कर्क आणि मेनेंडेझ यांची दुरुस्ती सिनेटमध्ये १०० विरुद्ध शून्य मतांनी आली. तिने इराणला मदत नाकारली नाही, कारण द्यायला मदत नव्हतीच. इराणच्या मध्यवर्ती बँकेशी व्यवहार करणाऱ्या तिसऱ्या देशांच्या बँकांना डॉलरच्या जगातून बाहेर काढायची धमकी तिने दिली. भारताला तेलाचे पैसे युको बँकेत रुपयांत जमा करावे लागले आणि खरेदी घटवावी लागली. इराण वाटाघाटींना बसला. अणुकरार झाला. मग २०१८ मध्ये अमेरिकेनेच तो सोडला आणि २०२१ पासून इराण ६० टक्क्यांपर्यंत युरेनियम समृद्ध करू लागला. म्हणजे इराण वाटाघाटींना बसला हे खरे, पण तिथे मिळालेले टिकवायला कायदा अपुरा पडला. पाकिस्तानच्या बाबतीत असली धमकी कधी गंभीरपणे विचारातही आली नाही. त्याच्यावर सगळ्यात प्रत्यक्ष परिणाम केला तो दहशतवादाच्या अर्थपुरवठ्यावर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटाच्या करड्या यादीने, जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ या काळात. लष्कर-ए-तैयबाचे हाफिज सईद आणि साजिद मीर यांना शिक्षा झाल्या त्या याच चार वर्षांत. ती यादी अनेक देश मिळून करतात आणि तिच्यात कुणा एका अध्यक्षाच्या सुटीचे कलम नसते.

आपणही या सुटीचे लाभार्थी आहोत हे सांगितल्याशिवाय आढावा प्रामाणिक होणार नाही. १९९८ चे निर्बंध आपल्यावरूनही उठले. २००६ च्या हाइड कायद्याने १९७८ च्या कायद्याच्या चौकटीत भारतासाठी खास दार कापले. २०१७ च्या कायद्याप्रमाणे रशियाकडून एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणा घेणाऱ्या तुर्कस्तानवर २०२० मध्ये निर्बंध आले, तीच यंत्रणा घेणाऱ्या आपल्यावर आले नाहीत. १९९० च्या दशकात पंजाब आणि काश्मीरवरून भारताची मदत कापण्यासाठी प्रतिनिधीगृहाचे सदस्य डॅन बर्टन दरवर्षी दुरुस्ती आणत. १९९७ मध्ये ती ८२ विरुद्ध ३४२ मतांनी पडली, कारण तोवर अनिवासी भारतीयांचे वजन सभागृहात जाणवू लागले होते. तत्त्व तेच, वेळ आणि गरज वेगळी.

तेव्हा पुढची बातमी वाचताना पाहायच्या गोष्टी थोड्याच आहेत : विधेयक समितीतून बाहेर आले का, अट न पाळल्यास काय ते आपोआप घडते की कुणाच्या सहीवर अवलंबून आहे, आणि त्या घडीला अमेरिकेला पाकिस्तानकडून काय हवे आहे. उरीच्या हल्ल्यानंतर दोन दिवसांत, २० सप्टेंबर २०१६ रोजी, टेड पो आणि डेना रोहराबाकर यांनी पाकिस्तानला दहशतवादाचे पुरस्कर्ते राष्ट्र ठरवण्याचे विधेयक मांडले होते. ते समितीतच राहिले. नाटोबाहेरचा मित्र हा दर्जा काढून घेण्याची विधेयकेही त्यानंतर अनेकदा आली. २००४ च्या जूनमध्ये दिलेला तो दर्जा पाकिस्तानकडे अजून आहे.